अब्बांचे दोन नियम

आमच्या अब्बांना बंदुकीचा परवाना कधी मिळाला नाही. म्हणून रत्नागिरीकडच्या आमच्या गावात ते कातकऱ्यांकडून तीरकमठा शिकले आणि माझ्या थोरल्या भावालाही त्यांनी तोच शिकवला. सोबत दोन नियम दिले. जखमी केलेलं जनावर सापडेपर्यंत शिकाऱ्याने अन्नपाण्याला शिवायचं नाही. आणि बिस्मिल्ला म्हणून सोडलेल्या तीराने मेलेलं जनावर खायला चालतं, पण ते पाण्यात मेलं तर नाही. तीराने मेलं की बुडून, ते अल्लालाच ठाऊक.

कुवेतमध्ये भाई ट्रक चालवायचा, मी एका दुकानात होतो. गलबतातून आलेल्या बांबूचा त्याने कमठा केला, तेव्हा खोलीतल्या गाववाल्यांनी त्याची भरपूर थट्टा केली. पण गावी त्याला मुलगी झाली होती आणि तिच्या नावाने त्याला सगळ्यांना हरणाचं मटण खिलवायचं होतं. शुक्रवारी आम्ही निघतो न निघतो तोच मागे मसाला वाटायला सुरुवात झाली. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

खाडीजवळच्या वाळूच्या टेकाडांत आम्ही झुडपाआड पडून राहिलो. बऱ्याच वेळाने एक नर जवळ आला. भाईचे ओठ हलले, तीर सुटला आणि जरा मागे, पोटात लागला. हरीण टेकाडापलीकडे गेलं.

मी उठलो, तर भाईने हात धरून खाली बसवलं.

"थांब. आपण धावलो तर तां पण धावंल. एकदा बसला की उठायचा नाय."

बरोबरच होतं त्याचं. पण वारा सुटला आणि रक्ताचे थेंब डोळ्यांदेखत वाळूखाली बुजू लागले. थांबावं तर माग जातो, उठावं तर हरीण. भाई उठला.

ऊन चढलं. मी पाणी पुढे केलं, त्याने मान हलवली. मला राग आला. अब्बांना हे ऊन कुठे माहीत होतं, असं मी बोलूनही दाखवलं. तो खाली बघत चालत राहिला.

हरीण खाडीच्या काठाला बसलेलं दिसलं. अजून जिवंत होतं. भाईने सुरी काढली. आम्हाला पाहून ते धडपडत उठलं आणि भरतीच्या पाण्यात शिरलं. भाई कपड्यांसकट मागे पोहत गेला. त्याने शिंगाला धरून काठावर आणलं तेव्हा हरणाची मान लुळी पडली होती.

"उगाच मारला मी ह्याला," भाई म्हणाला. आम्ही हातांनी वाळू उकरून ते पुरलं.

खोलीवर मसाल्याचा वास भरला होता. आमचे चेहरे पाहून कुणी थट्टा केली नाही. कुणीतरी भात आणि माशाचं कालवण वाढलं. जनावर सापडलं होतं, तेव्हा अब्बांच्या नियमाने भाईला आता जेवायला मोकळीक होती. त्याने ताट पुढे ओढलं, बिस्मिल्ला म्हटलं, आणि घास हातात धरून तसाच बसून राहिला.