अकरा मिनिटांची फाइल

माझ्या वडिलांना गाऱ्हाणं पाठ होतं. गावच्या देवाला, वाडीच्या देवाला, वेशीवरच्या राखणदाराला एकेक हाक मारून सगळ्यांसाठी मागणं मागायचं, ते गाऱ्हाणं. गिरणी बंद पडली, गावचं घर चुलत्यांकडे गेलं, तरी घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे पूजा असली की नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला बाबाच लागायचे. दोन वर्षांपासून ते विसरायला लागले. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग शेजाऱ्यांचे चेहरे, मग आई गेली आहे हेसुद्धा. गाऱ्हाणं लिहून द्या म्हटलं की चिडायचे. "कागदावरचा गाऱ्हाणा देवाक पोचणा नाय," म्हणायचे. घरात दुसऱ्या कुणालाच ते येत नाही. मला पहिल्या चार ओळींपुढे कधी जमलं नाही, याची मला लाज वाटते.

एका सकाळी ते अगदी स्वच्छ होते. मी घाईघाईने लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लावलं आणि समोर नारळ ठेवला. बाबांनी न अडखळता सगळं गाऱ्हाणं घातलं. घड्याळात बघून सांगते, अकरा मिनिटं. मला रडू फुटलं आणि डोळे पुसत मी चहा टाकायला गेले.

दुपारी जेवणाच्या वेळी लॅपटॉपवर सूचना आली, डिस्कमध्ये जागा नाही. लॅपटॉप म्हातारा आहे. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स घालून दिलं ते माझ्या मैत्रिणीने. ती एका ऑफिसात कंप्युटर सांभाळते, दहिसरला राहते आणि माझे फोन उचलते, हे तिचे उपकारच. मी घरी बसून मुद्रितं तपासते. ऱ्हस्व-दीर्घ माझं, बाकी सगळं तिचं.

"घाबरू नको गं," ती फोनवर म्हणाली. "टर्मिनल उघड, ती काळी खिडकी. टाइप कर, डीएफ, स्पेस, डॅश, एच."

केलं. सात-आठ ओळी आल्या. त्यातल्या कुठल्या माझ्या आणि कुठल्या त्या यंत्राच्या खाजगी, काही कळेना.

"शेवटी नुसती तिरकी रेघ आहे ना, ती ओळ बघ. किती टक्के भरलीय?"

"शंभर."

"वाट लागली. काहीतरी मोठं बसलंय. आता डीयू लावू, म्हणजे कुठली फाइल किती जागा खाते ते दिसेल."

तेही लावलं. यादीत सगळं किरकोळ, आणि एकच धोंड, दोन पॉइंट सहा जीबीची. नावाच्या जागी नुसते आकडे. मी विचार केला, आणि मला तेव्हा तो फार हुशारीचा वाटला, की बाबांची अकरा मिनिटं काही एवढी जड असणार नाहीत. म्हणजे हा कचराच. पुसायची आज्ञा मैत्रिणीनेच मागे शिकवली होती. ती वापरली की फाइल कचरापेटीतही जात नाही, गेली ती गेली. मी तिला न विचारता ती फाइल उडवली.

परत डीएफ केलं. शंभर टक्के. डीयू केलं तर तिथे मात्र दोन पॉइंट सहा कमी. पुन्हा डीएफ, शंभर. एकाच डिस्कबद्दल विचारायचं आणि एकाने भरलेली म्हणायचं, दुसऱ्याने रिकामी! मी चार वेळा तेच टाइप केलं, जसं काही पाचव्या वेळी त्याला लाज वाटणार होती. मग निदान सकाळचं रेकॉर्डिंग तरी ऐकावं म्हणून शोधायला गेले. ते कुठेच नव्हतं.

मी ते मैत्रिणीला सांगितलं. मग तिने हळूच विचारलं, "सकाळी रेकॉर्डिंग थांबवलं होतंस ना?"

नव्हतं. सगळ्या खिडक्यांच्या मागे ते अजून चालू होतं. चार तास. गाऱ्हाण्यामागून कुकरच्या शिट्ट्या, भांडीवालीशी माझी वादावादी, टीव्ही, सगळं त्याच फाइलीत भरत गेलं होतं. आणि मी ती फाइल उडवली होती.

"बंद करू नकोस!" मैत्रीण ओरडली. "कशालाही हात लावू नको. वाचलीस यार! सोसायटीच्या पाटीवरून नाव खोडलं म्हणून भाडेकरू खोली सोडतो का? प्रोग्रॅमने फाइल धरून ठेवलीय. तो बंद केलास की संपलं. डिस्क भरलेली दाखवतेय ना, ते हेच. पेन ड्राइव्ह आण."

म्हणजे शंभर टक्के ही चांगली बातमी होती. मला तेही नीट समजलं नाही, मी आपली पेन ड्राइव्ह शोधत धावले. परत येऊन बघते तर बाबा लॅपटॉपसमोर. "बंद कर तो डबो, जेवाक वाढ," म्हणत त्यांनी झाकणाला हात घातला. मी किंचाळले. आयुष्यात बाबांवर तशी कधी ओरडले नव्हते. ते हात मागे घेऊन खुर्चीत बसले. मैत्रीण एकेक अक्षर, एकेक स्पेस सांगत गेली, मी टाइप करत गेले, आणि फाइल पेन ड्राइव्हवर उतरली. मग मी बाबांना वाढलं. ते जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने पेन ड्राइव्ह नेला आणि त्यातली सुरुवातीची अकरा मिनिटं कापून पाठवली. त्यानंतर मी कितीदा तरी नारळ ठेवून बघितला, पण बाबांना दुसरी ओळ कधी आठवली नाही. एका रविवारी मी ते रेकॉर्डिंग त्यांना लावून दिलं. डोळे मिटून, हात जोडून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"बरो घालता," ते म्हणाले. "ह्यो कोण?"

"तुम्हीच बाबा."

त्यांना ती थट्टा वाटली. "पण एक देव रवलो ह्येचो," ते म्हणाले. "तसा गाऱ्हाणा पोचाचा नाय."

म्हणजे कुणाला तरी हाक मारायची राहिली होती. मी वही ओढली. "खयचो देव, बाबा?"

त्यांनी बोटं मोजायला घेतली. ओठ हलत होते. तिसऱ्या बोटावर ते थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं, पुन्हा तिथेच थांबले. मग लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाले, "तेकाच इचार."