दुसऱ्या गाडीची जागा

रविवारी सकाळी आम्ही सातपूरला दादांच्या वर्कशॉपसमोर जमायचो. आत दोन लेथ, एक ड्रिल मशीन, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या, इंजिनं उघडलेल्या मोटारसायकली. बाहेर निंबाखाली बाकडं. बाकड्यावर बसणारे सगळे नव्वदच्या दशकात नाशिकच्या आसपास मातीच्या ट्रॅकवर गाड्या पळवलेले लोक. दोन हजार साल उलटलं तेव्हा त्यांतला एकही शर्यतीत उतरत नव्हता. पोटं सुटली होती, गुडघे कुरकुरायला लागले होते. ज्या मैदानावर आम्ही धूळ खाल्ली, तिथं फ्लॅट्स उभे राहिले होते. पण रविवार काही सुटला नव्हता.

चहा आला की मास्तर सुरुवात करायचे. मास्तर म्हणजे एका शाळेत खेळाचे शिक्षक; शर्यतीत झेंडा दाखवायचं काम त्यांचं, त्यामुळे बोलणंही त्यांनी हात वर केल्याशिवाय सुरू व्हायचं नाही.

"बोला, काय खबर?"

"चांदवडच्या आपल्या गड्यानं गाडी काढून टाकली," बेकरीवाला म्हणाला. हा आमच्यातला सगळ्यात जाड आणि सगळ्यात बोलका.

"कोणती? लाल टाकीची?"

"तीच. ज्यानं घेतली तो तिला दुधाच्या किटल्या लावून फिरवतोय."

त्या गाडीचा आवाज प्रत्येकाच्या कानात होता.

"त्यापेक्षा गेली असती तर बरं," बेकरीवाला म्हणाला.

"गाडी का त्याची बायको?"

"गाडी हो. बायको त्यालाच पुरून उरेल."

अशा बातम्या. कुणाचा पिस्टन जाम झाला, कुणाला जुन्या टू-स्ट्रोकचा कार्बोरेटर मालेगावच्या भंगारात सापडला, कुणाला साखर निघाली. माणूस गेल्याची बातमी असली तर त्या दिवशी कुणी वर्कशॉपच्या दारात गाडी सुरू करायचं नाही. कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायची आणि मग किक मारायची. हे कुणी ठरवलं होतं मला माहीत नाही. मी आलो तेव्हा चालूच होतं.

मी मूळचा कळवणकडचा. वडील कळवण, वणी, सुरगाणा अशी प्रवासी जीप चालवायचे. घरात पहिला बीएस्सी मी, आणि त्याच्या जोरावर अंबडच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो. पहिल्या पगारातून जुनी शंभर सीसीची गाडी घेतली आणि पुढच्या हिवाळ्यात ती मातीत घातली. वडील एकदा शर्यत बघायला आले. संपेपर्यंत उभे राहिले, आणि म्हणाले, "गोल फिरून तिथंच येताय ना? मंग एवढी घाई कशापायी?" मी कधी पहिल्या तिघांत आलो नाही. तरी मी मैदानात उतरलो होतो, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

पहिले यायचे ते दादा. आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, अंगानं किडकिडीत. चांदवडच्या माळावरची एक शर्यत मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या दिवशी ट्रॅकवर शिंपायच्या पाण्याचा टँकर आलाच नाही. दुसऱ्याच फेरीत एवढी धूळ उठली की स्वतःचं पुढचं चाक दिसेना. बाकीच्यांनी गॅसची मूठ सैल सोडली. दादा नाही. नंतर मी विचारलं, तुम्हाला दिसत काय होतं? ते म्हणाले, "दिसत काही नव्हतं. पुढच्यानं कुठं गॅस सोडला, ते ऐकू येत होतं. तो सोडतो तिथं वळण."

ही गोष्ट आम्ही बाकड्यावर किती वेळा ऐकवली असेल. ऐकवताना मजा यायची. पुढे हीच गोष्ट आम्हाला नडली.

शर्यती सुटल्यावर आम्ही घाटात जायला लागलो. हिवाळ्यात महिन्यातून एखादा रविवार: दिंडोरी, वणी, हातगडपर्यंत. रांगेचा नियम होता. पहिला, ज्याला वाट पाठ आहे तो. शेवटचा, ज्याच्याकडे पाने आणि ट्यूब आहे तो. आणि पहिल्याच्या लगेच मागे सगळ्यात कच्चा गडी. पहिला त्याला आरशात बघत राहतो, त्याला झेपेल तेवढाच वेग ठेवतो, आणि रांग त्या वेगानं चालते. कच्चा हा शब्द कुणी वापरायचं नाही. "तू दुसरा ये," एवढंच म्हणायचं. कितीतरी वर्षं पहिले दादा आणि दुसरा मी.

"परीक्षेत पहिला वर्ग, घाटात दुसरा नंबर," बेकरीवाला दर वेळी म्हणायचा. मी दर वेळी हसायचो.

आणखी एक नियम होता, जास्त जुना. गाडीवर बसणाऱ्याच्या कानात शंका घालायची नाही. आमच्या एका सोबत्याला शर्यतीआधी कुणीतरी म्हणालं होतं, तुझा मागचा टायर गुळगुळीत झालाय, आज नको उतरूस. तो उतरला. वळणावर त्याची नजर खाली टायरकडे गेली आणि गाडी कुंपणात. खुबा मोडला, तो लंगडतो अजून. तेव्हापासून कुणी कुणाला "नको जाऊस" म्हणायचं नाही. ज्याला थांबायचं असेल तो स्वतः थांबेल. हा नियम करताना, टायर खरंच गुळगुळीत होता, याकडे आमच्यातल्या एकाचंही लक्ष गेलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी वहिनी, म्हणजे दादांच्या मिसेस, माझ्या घरी आल्या. एकट्या, रिक्षानं. पाणीही घेतलं नाही.

"भाऊजी, त्यांना काचबिंदू निघालाय. समोरचं दिसतं, बाजूचं जात चाललंय. डावीकडचं तर गेलंच. गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर. गाडी बंद करा म्हणाले."

"दादा काय म्हणाले?"

"घरी आले, जेवले, आणि गाडीची चेन ताणायला बसले." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "मी म्हटलं, अहो डॉक्टर काय बोलले? तर म्हणतात, रस्ता समोरच असतो. परवा मी मागे बसले होते. डावीकडून रिक्षा आली, यांना पत्ताच नाही. मी किंचाळले म्हणून आज तुमच्यासमोर बसलेय."

"मी काय करू वहिनी?"

"सांगा त्यांना. तुम्ही शिकलेले, तुमचं ऐकतात."

मी हो म्हटलं, आणि म्हणतानाच मला कळलं की हे माझ्यानं होणार नाही. बँकेतलं, आरटीओतलं, दवाखान्यातलं बोलणं आमच्यात माझ्याकडे असायचं, आणि मी ते ताठ मानेनं करायचो. पण ज्या माणसानं मला आरशात सांभाळत सगळे घाट चढवले, त्याला गाडी सोड म्हणायचं?

मी बाकड्यावर सांगितलं, दादा आत लेथवर असताना.

"धुळीत चालवली त्यांनी," बेकरीवाला म्हणाला.

"धुळीत सगळे एकाच दिशेनं जातात," मास्तर म्हणाले. "डावीकडून ट्रॅक्टर येत नाही."

"मग तुम्ही सांगा."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "तोंडानं नको. पुढच्या रविवारी हातगड आहे ना? दुसरी जागा मोकळी ठेवू. त्यांना कळेल."

तसं केलं. थंडी चांगली होती. तोंडातून वाफ येत होती. मी माझी गाडी नेहमीपेक्षा एक गाडी मागे लावली. पुढे मास्तर पहिल्या जागेवर, आणि मध्ये एका गाडीची जागा रिकामी. दादा आले. डावीकडे बघायला त्यांनी अख्खं धड वळवलं, हे मला त्या दिवशी दिसलं. आधीही वळवत असतील. त्यांनी रांग पाहिली, रिकामी जागा पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मग गाडी मास्तरांच्या पुढे नेऊन लावली.

"निघायचं?" म्हणाले.

आम्ही किक मारल्या. "नको जाऊस" म्हणायचं नाही, हा नियम आमचाच होता.

दिंडोरीपर्यंत ठीक गेलं. मास्तर रांगेतून मागे सरकले, त्यामुळे दादांच्या मागे पुन्हा मीच. दिंडोरीच्या पुढे द्राक्षांच्या क्रेट भरलेली एक पिकअप डावीकडच्या कच्च्या रस्त्यावरून थेट हमरस्त्याकडे येत होती. मला ती बागेच्या कडेपासून दिसत होती. दादांचा वेग तसाच. मी हॉर्न दाबला आणि सोडलाच नाही. पिकअपवाल्यानं ब्रेक मारला, दोन क्रेट खाली आले. दादा त्याच्या बंपरसमोरून निघून गेले. त्यांनी मानही वळवली नाही. ती गाडी त्यांच्यासाठी तिथं नव्हतीच.

वणीला चहाला थांबलो. कुणी हेल्मेट काढायची घाई करेना.

"हॉर्न कुणी वाजवला?" दादांनी विचारलं.

"मी."

"कशाला?"

"डावीकडून पिकअप आली."

"दिसली होती मला."

हॉटेलात स्टोव्हचा आवाज चालू होता. मास्तर शर्टाची बटणं चाचपत होते. दादांनी अर्धा कप चहा संपवला, कप ठेवला.

"नव्हती दिसली," ते म्हणाले.

मग माझ्याकडे वळून, "ती आली होती ना तुझ्याकडे?"

"हो."

"वाटलंच. तू गाडी मागं लावलीस तेव्हाच कळलं. मी तुला एवढी वर्षं आरशात बघतोय; तू कुठं असतोस ते मला न बघता ठाऊक आहे." ते थोडे थांबले. "रागावलो नाही. पण सरळ तोंडानं बोलला असतात तरी चाललं असतं."

"नियम आहे दादा," मास्तर हळूच म्हणाले.

"नियम पोरांसाठी होता मास्तर. आपण पोरं राहिलो का?"

दादा उठले, ग्लोव्हज घातले आणि मला म्हणाले, "तू पुढं हो."

"मी? मास्तरांना होऊ दे. मी कधी पुढे..."

"तुझ्याकडचा रस्ता आहे. तुझा बाप याच घाटांत जीप घालायचा. आणि ऐक, माझ्यासाठी हळू चालवायची नाही. हळू चालवलीस तर मला कळेल."

"कसं कळेल?" बेकरीवाला म्हणाला. "तो तर नेहमीच हळू चालवतो."

दादा हसले. मग आम्ही सगळे हसलो, जरा जास्तच. बेकरीवाल्यानं लगेच तोंड फिरवून नाक पुसलं.

वणी ते हातगड हा रस्ता मी लहानपणापासून जीपच्या पुढच्या सीटवर बसून पाहिलेला. तरी त्या सकाळी तो मला नवा वाटला. पुढचा रस्ता बघायचा आणि आरसाही बघायचा. वेग जरा कमी केला की दादांच्या गाडीचा आवाज जवळ यायचा, चिडल्यासारखा. मी गॅस वाढवायचो. जास्त झाला की आरशातला त्यांचा दिवा लहान व्हायचा आणि मी पुन्हा गॅस सोडायचो. डावीकडून काही आलं, बैलगाडी, शेळ्या, फाटा, तर मी डावा हात बाहेर काढून दाखवायचो. पहिल्या वेळी वाटलं, चिडतील. पण ते हात बघून शांतपणे उजवीकडे सरकले. हाच हिशेब त्यांनी माझ्यासाठी वर्षानुवर्षं केला असेल आणि मला तो एकदाही जाणवू दिला नव्हता. मला तितकं सफाईनं जमत नव्हतं, आणि ते त्यांना मागून दिसत असणार.

हातगडला पोचल्यावर त्यांनी गाडी स्टँडला लावली, माझ्याजवळ आले.

"तिसऱ्या वळणाला घाई केलीस."

"हो."

"बाकी ठीक."

येताना ते आपण होऊन दुसरे लागले. तो हिवाळाभर ते दुसऱ्या जागेवर चालले. उन्हाळ्यात त्यांनी एकदा वर्कशॉपमध्ये गाडीवर ताडपत्री टाकली आणि वरून सुतळी बांधली. वहिनींनी मला फोन केला. "किल्ली स्वतः आणून दिली," एवढं बोलल्या आणि ठेवून दिला.

पुढच्या हिवाळ्यातला पहिला रविवार आला तेव्हा दादा हेल्मेट घालून बाकड्याजवळ उभे होते. माझ्या गाडीकडे आले आणि न विचारता मागे बसले. मी आयुष्यात त्यांना कुणाच्या मागे बसलेलं पाहिलं नव्हतं. हात कुठं ठेवावे ते त्यांना कळेना. शेवटी मांड्यांवर ठेवले.

घाट चढायला लागलो तेव्हा माझ्या टाचेच्या मागे काहीतरी हललं. मी खाली पाहिलं. त्यांचा डावा पाय मागच्या फूटरेस्टवर दाब देत होता, मग सुटत होता. तिथं गिअर नव्हता, तरी ते गिअर टाकत होते. इंजिन रडायला लागायच्या जरा आधी, बरोबर जिथं टाकायला हवा तिथं. मी अजून टाकला नव्हता. मी टाकला.