आगळातली पारख

केरूचं आडनाव गावात कुणाला आठवत नसे. सगळे त्याला खलवाला केरू म्हणत. लांज्यापलीकडच्या वाडीतला हा कुळवाडी पावसात भात लावायचा आणि उरलेलं वर्ष अण्णा वैद्यांच्या पडवीत दगडी खलापुढे बसून औषधं घोटायचा. वाडीतले निम्मे बापये मुंबईच्या गिरण्यांत गेले, हा खलाला चिकटून राहिला, म्हणून लोक त्याला जरा बावळटच धरत. हात मात्र नेकीचा. अण्णांनी दिवसभर घोट म्हटलं की हा दिवे लागेपर्यंत मान वर करत नसे.

एकतीस सालच्या फाल्गुनात अण्णा मोतीबिंदू काढायला मुंबईला मुलाकडे गेले. त्याच महिन्यात केरूची बायको गोदा हिवतापानं अंथरुणाला खिळली. पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून हाताला दगडासारखी लागायला लागली. तिची धाकटी बहीण काशी शुश्रूषेला येऊन राहिली. पानथरीवर तांब्याचं भस्म, हे केरूला तोंडपाठ होतं, आणि अण्णांच्या फडताळात ते अर्धवट तयार झालेलं पडलं होतं. केरूनं ते उचललं. पारा-गंधकाबरोबर लिंबाच्या रसात घोटायचं, मातीच्या परळांत बंद करून गोवऱ्यांच्या आगीत घालायचं, निवलं की पुन्हा घोटायचं. असे चाळीस दिवस त्यानं काढले. हाताची सालटी निघाली.

तांबं कच्चं राहिलं तर ते विषच, असं अण्णा दर खेपेला बजावत. म्हणून शेवटी पारख असे. चिमूटभर भस्म आंबट दह्यात टाकून ठेवायचं. सकाळी दही हिरवट दिसलं तर माल कच्चा, परत आगीत.

आता दही आणायचं कुठून? वाडीत दुभती म्हैस एकच, शेजारच्या मथुरेची, आणि ती नुकती व्यालेली. ग्रामदेवीला दाखवल्याशिवाय तिचं दूध विरजायचं नाही, ही रीत. देवीला दाखवायचं तर गुरवाला सुतक. मथुरा म्हणाली, "धा दिस थांब." पण गोदाचं पोट थांबायला तयार नव्हतं. घरात कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला रस, भरणीभर होतं. आंबट ते आंबट, असा विचार करून केरूनं भस्म आगळात टाकलं. सकाळी पाहिलं तर आगळ होतं तसंच लालभडक. हिरव्याचा मागमूस नाही. केरू खूश झाला.

अहो, त्या लालात हिरवं दिसणार कसं? पण ते त्याला सुचलं नाही, आणि त्या वेळी तुम्हाआम्हाला सुचलं असतं असं छातीठोक कोण सांगेल?

तीन दिवस त्यानं स्वतःच्या हातानं मात्रा चाटवली आणि वर घेटुळीच्या मुळांचा काढा पाजला. गोदाला ओकाऱ्या सुटल्या, डोकं गरगरायला लागलं. चौथ्या दिवशी ती गेली. लोक म्हणाले, पानथरीनं नेली. केरूला रडू आलं नाही. त्यानं सगळे विधी दुसऱ्या कुणाचे करावेत तसे केले.

तेरावं झालं, काशी आपल्या घरी गेली. देवीचा नैवेद्य उरकला तसं मथुरेनं वाटीभर दही आणून दिलं. केरू भात कालवायला बसला आणि हात थांबला. त्यानं उरलेलं भस्म काढून चिमूटभर दह्यात टाकलं. सकाळी दही शेवाळ्यासारखं हिरवं झालं होतं. त्यानं ते दही आणि उरलेलं भस्म उचललं. मग सगळं खड्ड्यात पुरून भांडं घासलं. आपल्याला काहीच वाटत नाही, याचीच त्याला तेवढी भीती वाटली.

अण्णा परतले. म्हणाले, "एवढी वाढल्यावर कुणाच्या हातात काही नसतं, केरू." केरूनं मान हलवली. खलावर पुन्हा बसला. फक्त त्या दिवसापासून त्यानं कुणाच्या तोंडाजवळ औषध नेलं नाही.

दोन वर्षांनी काशी आली. तिच्या पोटात दुखत होतं. अण्णांनी पुडी बांधून दिली.

"भावजी, एक मात्रा तुमच्याच हातानं द्या," पुडी केरूच्या हातात देत ती म्हणाली.

"माझ्या हातानं नको."

"का?"

केरूनं सांगितलं. दही, आगळ, सगळं सांगितलं. आवाज चढला नाही की उतरला नाही.

काशी म्हणाली, "ताईला कळला व्हता, भावजी. तोंडात तांब्याचा पैसा धरल्यावानी लागता, आतडी कापतात, असा मला सांगलान तिनी. मी बोलली, मंग घेतंस कशाला? तर बोलली, चाळीस दिस हात सोलवटलान त्यानी. त्याला काय सांगू नको."

"कुठल्या दिवशी बोलली?"

"पयल्याच."

केरूनं पुडी तिच्या हातात ठेवली आणि तो खलापुढे जाऊन बसला. खलात काही नव्हतं. तो घोटायला लागला.