ओल्या रंगाची बाकं

माझ्या धाकट्या नणंदेला, वन्संना, गप्प करायचं असेल तर एखाद्या पाटीसमोर उभं करावं. अक्षरं बघत तिथेच रमतात. खोक्यांवरची लेबलं आणि दुकानांच्या पिशव्या आखण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि नाव कायम दुसऱ्याचं लागलं. पन्नाशी उलटल्यावर पहिलं काम त्यांच्या स्वतःच्या नावावर आलं. बागांसाठी बाकं बनवणाऱ्या कारखान्याला नवं चिन्ह, नवी अक्षरं, नवा रंग हवा होता. आधी एका बागेत नमुन्याची चार बाकं ठेवायची. मालकांना पटली तर पुढचं सगळं काम वन्संचं, नाहीतर पुन्हा लेबलं.

चिन्ह सुरेख जमलं होतं, एक आडवी रेघ आणि तिला टेकलेली दुसरी. ते पाठीवर मधोमध. रंग गर्द निळा आणि असा चकचकीत की वाकलं तर तोंड दिसावं.

आणि तिथेच घोळ झाला. कोणी बसेचना. माणसं यायची, बाकाच्या हाताला एक बोट लावायची, बोट निरखायची आणि कट्ट्यावर जाऊन टेकायची. रंग कधीच वाळला होता, पण दिसायचा ओला.

मालक बघायला येणार त्या सकाळी वन्सं आमच्या दारात हजर. "वहिनी, एवढं करा. सगळे येऊन बसा."

"पगारी का फुकट?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"दादा, चेष्टा नको."

सासूबाई म्हणाल्या, "जन्मभर तुझ्यापायी उभी राहिले, आता बसायलाही लाव."

बडबडत का होईना, सगळे गेलो. मुलं एकावर, हे एकावर, मी एकावर, सासूबाई चौथ्यावर. मालक आले. भरलेली बाकं बघून खुलले. "लोकांना आवडलेली दिसतात," म्हणाले. मग सासूबाईंपाशी थांबले. "आजी, खाली पेपर कशाला?"

"अहो, रंग ओला आहे ना."

मी डोळे मिटले आणि देवाचं नाव घेतलं. वन्संना हसून वेळ मारून नेता आली असती. पण त्या म्हणाल्या, "ही माझी आई. ते भाऊ, ही वहिनी, ती भाचरं. मीच बसवलंय सगळ्यांना. एरवी कोणी बसत नाही. रंग निवडताना माझं चुकलं."

मालक बाकाकडे वळून बघू लागले. वन्संच पुढे म्हणाल्या, "निळा तोच ठेवते, चमक काढते. आणि चिन्ह पाठीवर नको, हाताच्या टोकाला उठावाचं करू. लोक बोट तिथेच लावतात."

मालकांनी तिथे बोट लावलं, उलटं करून बघितलं आणि ओशाळं हसले. "परवा मी एकटाच येऊन गेलो होतो. बसलो नाही. मलाही ओलाच वाटला. करा तुम्ही म्हणता तसं."

आता त्या बाकांवर जागा मिळत नाही. बोलता बोलता माणसं त्या चिन्हावरून बोट फिरवत असतात. सासूबाई मात्र अजून पेपर घेऊनच निघतात.

"अहो, आता तो ओला दिसतसुद्धा नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे गं. माझ्या कपड्यांची धूळ लागेल त्याला. मुलीचं काम आहे ते."