माझी दाढ आणि पागेतला सालोत्री

माझी दाढ नऊ दिवस दुखत होती. आत्याबाईंच्या हिशेबाने दोनच दिवस. पण दाढ त्यांच्या तोंडात नव्हती. मी आठ वर्षांची. जेवता जेवता उठायची, अंगणात फेऱ्या मारायची, थंड भिंतीला गाल लावायची आणि ती तापली की दुसरी भिंत धरायची. घराच्या चारही भिंती मी तापवल्या. माझी किंकाळी ऐकून दहा कोसांवरच्या डभोईची कुत्री भुंकली, हे मी शपथेवर सांगते.

कारण मात्र कोणाला सांगितलं नव्हतं. आबा, म्हणजे माझे वडील, महाराजांच्या पागेत शिलेदार. घोड्यांना चारायचा गूळ तिथे डब्यात असे. घोड्याला एक खडा, मला दोन, असा माझा रिवाज होता.

"दुधाची आहे. पडेल आणि नवी येईल," आत्याबाई म्हणाल्या. आमच्या घरचं शास्त्रच ते. मोठी माणसं सकाळी बाभळीचं दातण चावत. पोरांना नुसती चूळ. दातण विकणारी बाई दारात रोज सांगे, "बेन, छोकरांने पण आपो ने!" म्हणजे पोरांनाही द्या. त्यावर आत्याबाई, "उद्या पडणाऱ्या दातांना आज दातण कशाला गं?"

शेवटी आबांनी हुकूम सोडला: उपटून टाकायची. तीही दवाखान्यात नाही, पागेतल्या सालोत्र्याकडून, म्हणजे घोड्यांच्या वैद्याकडून.

"अहो, पोर आहे ती, घोडी नव्हे!" आई म्हणाली.

"दात तो दात. डॉक्टर घाईत असतो. आमचा सालोत्री एकेका तोंडात दोन तास बघतो."

हे ऐकून मला धीर यावा अशी त्यांची अपेक्षा होती.

सालोत्र्याचा चिमटा माझ्या हाताएवढा लांब होता. खरं सांगायचं तर दोन माणसांएवढा. मी पागेतल्या खांबाभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"बेटी, घोडासुद्धा उभा राहतो गं," म्हातारा म्हणाला.

"त्याला बांधलेलं असतं!"

तो हसला. मग माझी हनुवटी वर करून त्याने पुढून बोटाने दात मोजले. थांबला. पुन्हा मोजले. माझा जीव पायाच्या अंगठ्यात जाऊन बसला.

"शिलेदार, या जागचा दात आधी कधी पडला होता?"

आबांना काय ठाऊक! मीच त्याच्या बोटाभोवतून ओरडले, "नव्हताच! नुसती हिरडी होती. समोरचा पहिला दात पडला ना, तेव्हा ही आली."

त्याने चिमटा खाली ठेवला. "घोड्याच्या सगळ्यात मागच्या दाढा अशाच येतात. कोणाच्या जागी नाही, आपल्या आपण. गेल्या की गेल्या. ही दुधाची नाही. मी हात लावणार नाही."

"पण आमच्या घरात सगळे म्हणतात..."

"घरात किती घोडे आहेत?"

आबा आपली पगडीच नीट करू लागले. आमच्या आबांना असं गप्प करणारा माणूस अख्ख्या बडोद्यात दुसरा नसेल.

"दवाखान्यात न्या. भोक आहे, अजून बुजवता येईल. उद्या नको, आजच."

मग आबा असे चालले की मी त्यांच्या हाताला झेंड्यासारखी फडफडत होते. दवाखान्यात रांग. आता फेऱ्या मारायची पाळी त्यांची. मी बाकावर बसून बघत होते. डॉक्टरने पायाने फिरवायचं एक यंत्र लावलं. त्याच्या घरघरीने माझ्या कवटीत चक्की बसवल्यासारखं झालं. मग काळं ते सारं खरवडून कसलासा राखाडी लगदा भरला. "बरं झालं उपटली नाहीत," तो म्हणाला. "ही परत आली नसती."

आबांनी घरी पोचताच पगडीही न काढता सगळ्या पोरांना अंगणात ओळीने उभं केलं आणि एकेकाचं तोंड उघडून थेट मागे बोट घातलं. दोन चुलत बहिणींच्या दाढा काळ्या निघाल्या. आत्याबाई दारात बसून चक्क पोरांसाठी दातणाचे तुकडे करू लागल्या. धाकटा भाऊ तेवढा निसटून चिंचेवर चढला. आबा बुंध्याशी उभे राहून, मी कधीच ऐकला नव्हता इतक्या मऊ आवाजात, त्याला विनवत होते, "उतर रे राजा. ती पुन्हा येत नाही. नुसती बघू तर दे."