पदराची पिन

माझी आत्या जालन्यात मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच राहायची. तिच्या अंगावर सोन्याचा कण नसे, पण ट्रंकेत जुने दागिने गच्च भरलेले.

निजामी संपल्यावर कितीतरी जुनी घरं दागिने मोडायला सराफ्यात येऊ लागली. आमचे सोनार वस्तू मुशीत टाकायच्या आधी आत्याला दाखवत. "बाई, पाहून घ्या. मंग वितळवतो." पगारातून जमेल तसं ती सोडवून आणी. राणीच्या तोंडाच्या मोहरांची माळ, पाचूचे डूल, माणकाची अंगठी. रविवारी रिठ्याच्या पाण्यात सगळं धुवायचं आणि माझ्या अंगावर चढवून पाहायचं, हा तिचा सण.

"घालायचं न्हाई, तर जमवती कशाला?" मी विचारायची.

"वितळलं की घडवणाऱ्याची सगळी कारागिरी गेली ना गं!"

एकदा तिनं भलतीच वस्तू आणली. सोन्याची वेलबुट्टी, मधोमध गर्द लाल खडा, भोवती बारीक मोती आणि मागं टाचणी. छावणीतल्या कुण्या मडमेची असावी, असं सोनार म्हणाले. आईनं ती नाकाला लावून पाहिली, मी कानाला. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

पुढं माझं लग्न ठरलं, वडीगोद्रीला. लग्नादिवशी आत्यानं मला आपल्या हातांनी मढवलं आणि मागच्या खोलीत निघाली. मी तिला थांबवलं आणि ती मडमेची वस्तू तिच्या खांद्यावर टोचली.

"काढ आधी! लोक काय म्हणतील?"

"दागिना थोडीच आहे? पदर घसरू नये म्हणून पिन लावली."

तिचा हात टाचणीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मग ती माझ्याबरोबर मांडवात आली. नवऱ्यामुलाची आजी पुढंच बसली होती, तीही पांढऱ्या कपाळाची. तिनं डोळे बारीक केले.

"बाई, हे काय लावलं?"

बायकांच्या माना वळल्या. आत्या ताठ उभी राहून म्हणाली, "पिन आहे, पदराची."

म्हातारीनं लाल खड्यावरून बोट फिरवलं. "बिलकुल झ्याक हाय! मलाबी एक पाहून ठेवा. माझा पदर लई घसरून राह्यला."

आत्या एवढ्या मोठ्यानं हसली की भटजींनी वळून पाहिलं.

दिवाळीला आजेसासूबाई मोटारीनं जालन्याला आल्या, ते थेट आत्याकडं. दोघी जेवून बाहेर पडल्या आणि दिवेलागणीला परतल्या. हातात गरम भज्यांचा पुडा, आणि आजेसासूबाईंच्या खांद्यावर हिरव्या खड्याचा मोर.