माळवदावरची माती

समोरच्या प्लॉटवर काल स्लॅब टाकला. आज सकाळपासून तिथं पाणी मारणं चाललंय, आणि ओल्या सिमेंटचा तो कच्चा, थंड वास खिडकीतून थेट माझ्या चहापर्यंत येऊन पोचलाय. नांदेडात हा वास कुणाला नवा नाही. गोदावरीच्या अल्याड-पल्याड रोज कुठे ना कुठे घर उभं राहतंच. मला मात्र या वासानं दरवेळी माझं घर बांधतानाचे बाबा आठवतात, आणि त्यांची थोरली बहीण, माझी आत्या.

लातूरकडचं आमचं गाव भूकंपात गेलं तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. दगडी भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचा हातभर जाड थर, असं आमचं माळवदाचं घर. आजोबा त्याखाली सापडले. गावानं तेव्हा दोघा भावंडांचं भविष्य सांगून टाकलं होतं. बाबा शांत, जबाबदार, कधी आवाज न चढवणारे. ते निभावून नेतील. आत्या तोंडाळ, रडवी, मांजर आडवं गेलं तरी घर डोक्यावर घेणारी. ती काही यातून उठत नाही. घडलं नेमकं उलटं. आत्या महिनोन्‌महिने रडली, येईल त्याला तीच हकिगत शंभरदा सांगितली, पुनर्वसन वसाहतीतल्या नव्या घराच्या दारासाठी साहेबांशी भांडली, आणि पुढं त्याच घरात पाय पसरून झोपू लागली. बाबांनी डोळ्यांतून टिपूस काढला नाही. फक्त ते पुन्हा कधी छताखाली झोपले नाहीत. बाज कायम अंगणात, पावसाळ्यात फार तर पत्र्याच्या आडोशाला. मी नांदेडला नोकरीला लागल्यावर बाबा सकाळच्या एसटीनं यायचे, जेवायचे आणि दिवस मावळायच्या आत परत. लोक याला साधेपणा म्हणायचे. आम्हीही म्हणायचो, इतके आम्ही शहाणे.

मी स्वतःचं घर बांधायला काढलं तेव्हा माझी एकच हौस होती: बाबांनी त्यात एक दुपार तरी झोपावं. मी विनवण्या केल्या, डॉक्टरांचं नाव काढलं. ते हसून "बघू की" म्हणायचे. आत्यानं विनवणी केलीच नाही. स्लॅब टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या हातात पाण्याचा पाइप दिला.

"पोरीचा गवंडी लई आळशी हाय. तू उसाला दारं धरनारा मानूस, जरा वर जाऊन बघ."

स्लॅबच्या वर जायला त्यांची ना नव्हती. भीती होती ती खालची. बाबांनी वर मातीचे छोटे बांध घातले, वाफे पाडले आणि उसाला द्यावं तसं पाणी भरलं, रोज सकाळ-संध्याकाळ. एकदा मी चहा घेऊन वर गेले, तर ते बांधाजवळ उकिडवे बसले होते, हात चिखलानं भरलेले, आणि आत्याला सांगत होते, "अक्का, त्या साली माळवदावर माती मीच टाकलो. गळू न्हाई म्हनून दोन थर टाकलो. बाच्या अंगावर तीच पडली."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी जिन्यातच थांबले.

"आन् ती माती गाढवावर घालून कुनी आनली? मी," आत्या म्हणाली. "खाली हुबं राहून 'आनखी टाक, कोपऱ्यात टाक' कोन म्हनत हुतं? बाच की. सारं गाव दरसाल टाकीत हुतं. मग तू एकटाच का बाहेर निजलास?"

बाबा रडले. भरपूर, आवाज करून, अगदी आत्यासारखे. त्यांच्या ज्या जबाबदार स्वभावाचे सगळे गोडवे गायचे, त्यानंच त्यांना आतून पोखरलं होतं. आणि जिला आम्ही रडवी म्हणून हिणवलं, ती रडूनच मोकळी झाली होती. हे कळायला मला निम्मं आयुष्य लागलं, याची लाज वाटते. पण रडून झाल्यावर बाबा उठले आणि राहिलेले वाफे भरू लागले. तोही त्यांचा स्वभावच.

वास्तुशांतीच्या दिवशी पुरणपोळी जेवून ते कुणाला न सांगता आतल्या खोलीत गेले आणि सतरंजीवर आडवे झाले. थोड्या वेळानं घोरणं ऐकू आलं. आत्या दारातच फतकल मारून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावू लागली. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हसतही होते, रडतही होते. त्या दुपारी आम्ही तिघं जिंकलो होतो.

आता बाबा माझ्याकडेच असतात. दार उघडं ठेवूनच झोपतात. भीती गेली असं मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांची सोबत अशी जात नसते. एवढंच, की हल्ली बाबा घरात झोपतात आणि भीती अंगणात.